आभाळाला कूलर लावणारा माणूस

सावली नावाच्या गावच्या बाजारात नवाबभाईंच्या कूलरबद्दल जे काही वाईट बोललं जायचं, ते बहुतेक नवाबभाईंनीच आधी बोलून ठेवलेलं असायचं. "माहा कूलर आधी आंगण थंड करते, मंग भिंत, अन् त्याच्यातून काही उरलं तं माणसाले," हे वाक्य त्यांचंच. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत आपणच आपली निंदा करून टाकली की त्याला भांडायला काही शिल्लक राहत नाही, ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली होती. पत्रा कापायची कातरही वडिलांकडूनच मिळाली होती. पण ती चालवण्यात त्यांना तेवढी सफाई कधी आली नाही.

बसस्टँडच्या मागं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. होळी झाली की कूलर सुरू, मृग लागला की कूलर बंद. मग धान ठेवायच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या, छपराच्या पन्हाळी. कोठ्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण धान गळत नाही. पाणी गळतं. नवाबभाईंच्या कूलरच्या टाकीला चार कोपरे असत आणि चारही कोपरे आपापल्या परीनं गळत. दर उन्हाळ्यात पाच-सहा कूलर परत यायचे आणि दुकानामागच्या बोळात एकावर एक चढून बसायचे. हाजराबी, म्हणजे नवाबभाईंची बायको, जी दुकानात बसून कूलरच्या जाळीच्या ताट्या वाळ्यानं भरायची, त्या ढिगाला 'आपकी औलाद' म्हणायची. नवाबभाईंना हे मान्य होतं. चेहरेपट्टी मिळतीजुळती आहे, असं ते स्वतःच म्हणत.

अशा या माणसाच्या हाती २००५ सालच्या एप्रिलमध्ये आभाळातलं पाणी मोजायचं काम आलं.

झालं असं की पुण्याच्या एका संशोधन संस्थेची जीप सावलीत आली. तिच्यात एक मोठं खोकं होतं आणि रीता मॅडम नावाच्या एक शास्त्रज्ञ होत्या. खोक्यातलं यंत्र धानाच्या जुन्या गोदामाच्या गच्चीवर बसवायचं होतं. एका बाजूला जंगल, एका बाजूला तलाव आणि मधे कोसभर धानाच्या बांध्या, अशी जागा त्यांना हवी होती. यंत्राला लोखंडी तिपाई लागत होती, म्हणून नवाबभाईंना बोलावणं आलं. तिपाईतून पाणी गळायचा प्रश्न नसल्यामुळे ती चांगली झाली. मॅडम खूष झाल्या. गोदामाजवळ कोण राहतं, रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर कोण चढेल, असं त्यांनी विचारलं. नवाबभाईंनी मान डोलावली. त्यांना वाटलं होतं, मॅडम तिपाईचे नट कोण आवळेल असं विचारताहेत.

यंत्र म्हणजे मोठ्या शिलाई मशीनच्या डब्याएवढी पेटी होती. तिला एका बाजूला पांढऱ्या फोमची खिडकी होती आणि ती खिडकी आभाळाकडे तोंड करून बसवलेली होती. पेटीपासून वायर खाली गोदामाच्या खोलीत जायची आणि तिथं एका संगणकाच्या पडद्यावर आकडा दिसायचा. तो आकडा मिलिमीटरमध्ये असायचा. सावलीच्या डोक्यावर जमिनीपासून थेट वरपर्यंत जेवढी म्हणून वाफ आहे, ती सगळी पिळून खाली सांडली तर अंगणात किती उंच पाणी साचेल, तो हा आकडा, असं मॅडमनी सांगितलं.

नवाबभाईंनी विचारलं, की पेटी वर काय फेकते. कारण काहीतरी फेकल्याशिवाय मोजमाप होत नाही, असा त्यांचा अनुभव होता. पत्रा चोवीस गेजचा की सव्वीसचा हे ते डोळे मिटून सांगत, पण त्यासाठी पत्र्यावर टिचकी मारावी लागे.

"ही पेटी टिचकीसुद्धा मारत नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसती ऐकते. प्रत्येक वस्तू आपणहून काहीतरी गुणगुणत असते, फार हळू. त्याला मायक्रोवेव्ह म्हणतात. पाण्याच्या वाफेचा सूर वेगळा. तो जितका मोठा, तितकी वाफ जास्त."

वर एक उपग्रहही हेच ऐकत फिरतो, असंही त्यांनी सांगितलं. पण तो वरून खाली कान लावतो, त्यामुळे त्याच्या कानात तापलेल्या जमिनीचा, तलावांचा, रानाचा सगळा कालवा शिरतो. लग्नाच्या मांडवात वाजंत्री चालू असताना कोपऱ्यातली कुजबुज ऐकण्यासारखं ते काम. म्हणून खाली बसून वर ऐकणारा एक साक्षीदार हवा. उपग्रह रोज दुपारी दोनच्या सुमारास डोक्यावरून जातो. नवाबभाईंनी त्या वेळचा आकडा पाहायचा आणि फोननं पुण्याला कळवायचा. बाकीचे आकडे संगणक आपल्या पोटात ठेवणारच होता आणि ते महिन्या-दीड महिन्यानं येऊन कुणीतरी घेऊन जाणार होतं. शिवाय फोमची खिडकी सकाळ-संध्याकाळ मऊ फडक्यानं पुसायची. खिडकीवर पाण्याचा थेंब नको, कारण थेंब आला की पेटी आभाळाचं ऐकायचं सोडून थेंबाचंच ऐकत बसते. खिडकीसमोर काही ठेवायचं नाही. या सगळ्या सूचनांचा कागद प्लास्टिकमध्ये बसवून खोलीत टांगला होता.

नवाबभाईंनी सगळं ऐकून घेतलं. निघताना मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. आभाळात वाफ आहे म्हणजे पाऊस येईलच असं नाही. त्याला आणखी बऱ्याच गोष्टी जमून याव्या लागतात. हे वाक्य लांब होतं. नवाबभाईंनी ते नंतर कुणाला सांगितलं नाही.

काम लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक जाड वही आणली. दोनचा एकच आकडा कळवायचा होता, पण एवढ्या मोठ्या माणसानं दिवसाला एकच आकडा लिहावा हे त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत तासातासाचे आकडे लिहायला सुरुवात केली. वेळ, आकडा आणि शेरा अशी तीन घरं आखली. शेऱ्याच्या घरात 'कावळा बसला, हाकलला', 'लाइन गेली', 'लाइन आली' असल्या नोंदी सुंदर अक्षरात होऊ लागल्या. अक्षर हाजराबीचं होतं. नवाबभाई सांगत आणि ती लिही, कारण त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांच्या कूलरसारखंच ओळीबाहेर सांडायचं.

लाइन मात्र रोज जायची. ज्या जिल्ह्यातल्या ऊर्जानगरच्या विजेवर अख्ख्या महाराष्ट्राचे पंखे फिरत, त्याच जिल्ह्यात सावलीचे पंखे रोज अकरा ते एक लोडशेडिंगमध्ये थांबत. पेटीला आणि संगणकाला मॅडमनी इन्व्हर्टर दिला होता. नवाबभाईंना नव्हता.

मे लागला. पारा सेहेचाळीसवर गेला, मग सत्तेचाळीसवर. एका दुपारी नवाबभाई कावळा हाकलायला गच्चीवर गेले आणि पेटीला हात लावताच बोट भाजलं. त्यांचं मन कळवळलं. एवढ्या लांबून आलेला पाहुणा, आणि आपण त्याला भर उन्हात उघड्यावर बसवलाय.

इथं सावलीकडची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याला पाणी नंतर मिळतं, आधी कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवतात. लग्नात नवरदेवाला एक कूलर, व्याह्याला एक, आणि बाकीच्यांची योग्यता कूलरपासूनच्या अंतरावरून ठरते. तोंडावर वारा आला नाही म्हणून जेवणावरून उठून गेलेले मामे या भागात घरटी एक तरी आहेत. आपल्या घरचा पाहुणा सत्तेचाळीस डिग्रीत तळतोय आणि आपण, सावलीतले कूलरवाले, खाली सावलीत बसून आकडे लिहितोय, ही गोष्ट नवाबभाईंना दोन दिवस खात राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्यासाठी खास कूलर केला. जाड पत्रा घेतला. नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या. घरात पुरतो त्याहून मोठा टुल्लू पंप बसवला, कारण पाहुणा मोठा होता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच टाकीच्या चारही कोपऱ्यांना गरम डांबराचा दोनदा हात दिला. दोन माणसांकडून तो गच्चीवर चढवून घेतला आणि पेटीच्या बगलेला ठेवला. समोर नाही. समोर काही ठेवायचं नाही हे कागदावर लिहिलं होतं आणि नवाबभाई कागद पाळणारे होते. कूलर लावू नये, असं कागदावर कुठंच नव्हतं. कागद पुण्यात लिहिलेला होता. तिथल्या माणसाच्या हे स्वप्नातही येणार नाही.

कूलर सकाळी दहाला सुरू व्हायचा आणि संध्याकाळी पाचला बंद. बटण खालीच होतं. सकाळ-संध्याकाळ नवाबभाई वर जाऊन टाकी भरत आणि खिडकी पुसत. खिडकी दोन्ही वेळा ठणठणीत कोरडी असायची. वहीत त्यांनी कूलरची नोंद केली नाही. पाहुण्याला पंख्यानं वारा घातला, हे कुणी वहीत लिहितं का?

दुसऱ्या दिवशी दोनचा आकडा बावन्न आला.

तोवर तो बावीस ते सव्वीसच्या मधे घुटमळत होता. नवाबभाईंनी धावत जुबेरच्या एसटीडी बूथवर जाऊन फोन लावला. मॅडम बुचकळ्यात पडल्या. उपग्रह पंचवीस म्हणत होता. त्यांनी विचारलं, खिडकी कोरडी आहे ना? नवाबभाईंनी सांगितलं की दिवसातून दोनदा पुसतो, पापड वाळवून घ्या. आठवडाभर हेच चाललं. पेटी पन्नासच्या वर आणि उपग्रह पंचवीसवर. शेवटी मॅडम म्हणाल्या की कदाचित उपग्रहाचंच गणित या भागात चुकत असेल, तलाव आणि जंगलामुळे; तसं असेल तर ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

नवाबभाईंनी त्यांना धीर दिला. "तुमचा उपग्रह आठशे किलोमीटरवर बसून बोलते, मॅडम. माही पेटी मौक्यावर हजर आहे."

'माही पेटी' हा शब्द त्या दिवसापासून पक्का झाला. जुबेरनं बूथच्या बाहेर पाटी टांगली आणि तिच्यावर रोजचा आकडा लिहू लागला. बाजारात लोक एकमेकांना 'जेवलास का' विचारायच्या ऐवजी 'आज किती' विचारू लागले. नवाबभाई रस्त्यानं जाताना जरा वर बघून चालू लागले आणि त्यामुळे दोनदा नालीत पडले. पण आभाळाकडे बघून पडण्यात एक इभ्रत असते, असं त्यांनी हाजराबीला समजावलं.

रोज आकडा विचारणाऱ्यांत इंदुताई होत्या. साठीतली बाई, तलावाखाली तीन एकर धानाची शेती, नवाबभाईंच्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्याकडे चिन्नोर या सुवासिक धानाचं बियाणं होतं, माहेराहून आलेलं. गावात बाकी सगळ्यांनी दुकानातलं बियाणं धरलं होतं; इंदुताई दरवर्षी बांबूच्या ढोलीत स्वतःचं बी राखून ठेवत. ते गेलं तर बाजारात मिळणारं नव्हतं. त्यांच्या घरी भात शिजला की तीन घरं सोडून माणसाला भूक लागायची.

रोहिणी लागता लागता त्यांनी नवाबभाईंना रस्त्यात गाठलं. पाऊस लवकर येणार असेल तर कोरड्या धुळीतच पऱ्हे टाकून द्यायचे, रोपांचं बी पेरून ठेवायचं, म्हणजे रोवणी वेळेत होते. पण पाऊस लांबला तर धुळीतलं बी मुंग्या आणि पाखरं खातात. म्हणून त्यांनी नीट उभं राहून विचारलं, "नवाबभाऊ, पन्नास म्हंजे पाणी येते का?"

मॅडमचं ते लांब वाक्य नवाबभाईंच्या जिभेपर्यंत आलं होतं. पण आजूबाजूला चार माणसं उभी होती आणि चारही त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते म्हणाले, "येते म्हंजे काय बाई, आलंच समजा."

इंदुताई म्हणाल्या, बुधवारी टाकतो.

त्या बुधवारच्या आधी, सोमवारी, लोडशेडिंगची वेळ बदलली. अकरा ते एकची लाइन आता एक ते तीन जाऊ लागली. सोमवारी दोन वाजता नवाबभाईंनी पडद्याकडे पाहिलं तर आकडा चोवीस. त्यांनी पडद्यावर टिचकी मारली. चोवीसच. फोनवर मॅडम म्हणाल्या की आज पहिल्यांदा तुमचं आणि उपग्रहाचं जमलं, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता का निराशा, हे नवाबभाईंना कळलं नाही. त्यांना स्वतःला मात्र कुणी भर बाजारात टोपी काढून घेतल्यासारखं वाटलं. मंगळवारी पुन्हा दोनला चोवीस. आणि बाराला त्रेपन्न.

ते दुकानात आले. भाकरीचा तुकडा मोडून बसले आणि आभाळ आपल्याशी असं का वागतंय म्हणून कुरकुरू लागले. हाजराबीनं हात पुसले, वही ओढून घेतली आणि मागची पानं चाळली. अक्षर तिचंच होतं, त्यामुळे वाचायला वेळ लागला नाही. शेऱ्याच्या घरात 'लाइन गेली' जिथं जिथं होतं, तिथं तिथं आकडा पडलेला होता. आधी अकरा ते एक. कालपासून एक ते तीन.

"एक बात बताओ जी," ती म्हणाली, "आसमान को लाइनवालों ने टाइमटेबल कब से दे दिया?"

नवाबभाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. लाइन गेली तरी पेटी इन्व्हर्टरवर चालूच असते. संगणकही चालू असतो. लाइन गेली की सबंध गोदामात बंद पडणारी वस्तू एकच होती.

ते गच्चीवर जाऊन बसले. तीन वाजता लाइन आली. टुल्लू पंप गुरगुरला, पंखा फिरला आणि मोठ्या पंपाच्या जोरानं ताट्यांमधून पाण्याचे बारीक बारीक कण वाऱ्याबरोबर उडाले. बगलेतून थेट खिडकीवर. पांढऱ्या फोमवर दव पडावं तसा थर बसला. नवाबभाईंनी गच्चीवरच्या बोर्डातून कूलरची पिन ओढून काढली. सत्तेचाळीस डिग्रीच्या उन्हात तो थर एवढ्या लवकर उडून गेला, की फडकं खिशातून काढेपर्यंत खिडकी पुन्हा ठणठणीत कोरडी. म्हणूनच ती रोज संध्याकाळी त्यांना कोरडी सापडत होती. पंधरा दिवस पेटी आभाळाचं काही ऐकतच नव्हती. ती नवाबभाईंच्या कूलरचं ऐकत होती. आणि जुबेरच्या पाटीवर रोज सावलीच्या आभाळातलं जे पाणी लिहिलं जात होतं, ते त्यांनी स्वतः बादलीनं जिना चढून वर नेलेलं होतं.

त्यांना हसू आलं. असली फजिती दुसऱ्या कुणाची झाली असती तर त्यांनी ती दहा वर्षं सांगितली असती. मग इंदुताई आठवल्या आणि हसू गेलं.

मॅडमना फोन करायचा होता. पण वहीतला आकडा खोडता येतो, पेरलेलं धान खोडता येत नाही. नवाबभाईंनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, खिशात कांदा टाकला आणि सायकल काढली. इंदुताईंनी बुधवार म्हटलं होतं. आज मंगळवार होता. सगळ्या वाटेवर त्यांनी एवढाच हिशेब केला.

इंदुताई बांधीच्या काठाला मोहाच्या झाडाखाली बसल्या होत्या. नवाबभाई सायकलवरून उतरता उतरताच म्हणाले, "बाई, उद्या पऱ्हे टाकू नोका."

"उद्या कायले टाकू? गोपाल आज नागर घेऊन मोकळा होता. सकाळीच टाकले."

समोर खाटेपेक्षा चौपट मोठा एक वाफा होता. नुकती नांगरलेली करडी धूळ. तिच्यावर दोन पाखरं निवांत फिरत होती.

नवाबभाई खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पेटी, पाहुणा, कूलर, लाइन. सांगताना आपल्यावर एकही विनोद केला नाही. हे त्यांच्या बाबतीत एवढं नवं होतं की इंदुताईंना आधी वाटलं, माणसाला ऊन लागलं.

"म्हंजे थे पन्नास आभाळातलं नव्हतं?"

"पंचवीस आभाळातलं. बाकीचं माह्या टुल्लू पंपातलं."

 इंदुताईंनी पाखराला एक खडा मारला. मग म्हणाल्या, "अर्धंच टाकलं."

"अं?"

"अर्धं बी ढोलीतच हाये. तुमचा कूलर माह्या घरी पाच उन्हाळे झाले, नवाबभाऊ. तुमच्या वस्तूवर अर्धा भरोसा ठेवा, अर्धा घरी ठेवा, हे मले मालूम झालं हाये."

नवाबभाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गळक्या कूलरचा अभिमान वाटला. पण इंदुताई त्या धुळीकडेच बघत होत्या. "अर्धं हाये म्हून काय झालं? हे बी माह्या मायच्या घरचंच हाये ना."

विहिरीत पाणी होतं, पण तळाशी. ते हातानं ओढायचं आणि बादलीनं वाफ्यावर ओतायचं, तर तापलेली धूळ वरच्यावर पिऊन टाकणार आणि बी उघडं पडणार. पाणी हवं होतं थेंबाथेंबानं, दिवसभर, हळूहळू मुरणारं. इंदुताईंनी हे सांगितलं आणि नवाबभाई उठून उभे राहिले. असं पाणी देणारी वस्तू अख्ख्या तालुक्यात फक्त त्यांच्याकडेच होती.

पण आधी ते जुबेरच्या बूथवर गेले. तिथल्या काचेच्या केबिनचं दार नवाबभाईंनीच बसवलेलं होतं, त्यामुळे ते कधी लागत नसे. आत जे बोलायचं ते बाहेरच्या बाकावरच्या सात जणांना ऐकू जाणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नंबर फिरवला.

"मॅडम, उपग्रहाले माहा सलाम सांगा. तो बरोबर होता."

मॅडमना पहिल्यांदा काही समजलं नाही. मग समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कूलर? पण कूलर कशासाठी?"

"ऊन होतं, मॅडम."

 बाकावर कुणीतरी खोकलं. नवाबभाईंनी विचारलं, पेटी परत न्यायला कधी येता. तिपाई ते स्वतः सोडवून देतील. मॅडमनी मात्र वहीबद्दल विचारलं. तासातासाचे आकडे खरंच लिहिलेत? लाइन गेल्याची वेळही? मग त्या हळूहळू हसायला लागल्या. लाइन नव्हती तेव्हाचे दोन-दोन तास खरे होते. कूलर सुरू व्हायच्या आधीचे सकाळचे तासही खरे होते. तेवढे निवडून काढले की महिना वाया जात नव्हता, आणि त्या तासांत पेटी आणि उपग्रह एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेले होते. वही जपून ठेवा, म्हणाल्या. पेटी तिथंच राहू द्या. आणि कूलर आत्ताच्या आत्ता खाली उतरवा.

फोन ठेवून नवाबभाई बाहेर आले. दोन दिवस पाटीवर तसाच ठेवलेला त्रेपन्न जुबेरनं पुसला आणि चोवीस लिहिला. बाकावरच्या सात जणांनी ती गोष्ट संध्याकाळपर्यंत सत्तर जणांना सांगितली. नवाबभाईंना ते चाललं असतं. तक्रार एवढीच होती, की आपण सांगितली असती त्या मानानं लोकांनी ती फार वाईट सांगितली.

बुधवारी सकाळी बैलगाडीतून कूलर निघाले. बोळातले तीन परत आलेले आणि गच्चीवरून उतरवलेला पाहुण्याचा. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना नवाबभाईंनी ते विटांवर आतल्या बाजूला कलवून ठेवले. पंप नाही, पंखा नाही, लाइन नाही. विहिरीतून पाणी ओढून टाक्या भरल्या आणि ते बाजूला झाले. पाणी आपली वाट आपण शोधू लागलं, इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या फरशीवर शोधायचं तसं. थेंब थेंब. टाकी रिकामी व्हायला दोन-तीन तास लागायचे. धूळ हळूहळू काळी पडत गेली. हाजराबी आणि इंदुताईंनी वरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं, म्हणजे पाखरांना बी दिसायचं नाही आणि ओल टिकेल.

अठरा दिवस नवाबभाई पहाटे गच्चीवर जाऊन खिडकी पुसत, मग शेतावर जाऊन टाक्या भरत, मग आकडे लिहीत, मग पुन्हा टाक्या भरत. पऱ्ह्याला कूलर लावलेले पाहायला लोक मुद्दाम तलावाखाली येत. कुणी विचारलं, की पऱ्ह्याला नवरदेव कोण. नवाबभाई म्हणत, नवरदेव आभाळात बसला आहे, आम्ही नुसते कूलरवाले. आणि कुणी 'आज किती' विचारलं तर आता ते आकडा सांगत आणि त्यामागून मॅडमचं ते लांब वाक्य पूर्ण, एक शब्द न गाळता सांगत. त्यामुळे विचारणारे कमी झाले.

पाऊस त्या साली यायचा तेव्हाच आला, कुणाचंही न ऐकता. तोपर्यंत पऱ्हे वितभर झाले होते. इंदुताई वाफ्याच्या काठाला उभ्या राहून ते निरखत होत्या. तीन कोपऱ्यांत हिरवा गालिचा दाट उभा होता, वाऱ्यानं लवत होता. चौथा कोपरा मात्र न्हाव्यानं भादरल्यासारखा स्वच्छ टकला होता. तिथं ओल पोचलीच नव्हती. तणसाखालचं बी मुंग्यांनी कधीच नेलं होतं.

"या कोपऱ्यावरचा कूलर कोणं बनवला होता जी?" इंदुताईंनी विचारलं.

नवाबभाईंनी वाकून टाकीच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. डांबर शाबूत होतं. पावसाआधी भरलेलं पाणी काठोकाठ तसंच होतं. रोज ती टाकी भरायला बादलीभरही पाणी का लागत नाही, हे त्यांना अठरा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

"मीच बनवला, बाई," ते म्हणाले. "चांगला झाला."

इंदुताई ढोलीतलं उरलेलं बी आणायला घराकडे वळल्या. तेवढ्या कोपऱ्याला ते पुरणार होतं, आणि पुढच्या सालासाठी राखायलाही उरणार होतं. नवाबभाईंनी गाडीतली हातोडी आणि खिळा आणला, आणि त्या चांगल्या कूलरच्या टाकीला, बेतानं, एक भोक पाडलं.